मतदान कुठंय तुमचं?

पुण्याजवळ मोशीत घर बांधून मला पंचविसेक वर्षं झाली. एवढ्या काळात इथं मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "मतदान कुठंय तुमचं?" नाव, गाव, कंपनी हे प्रश्न नंतर येतात. बऱ्याचदा येतच नाहीत, कारण पहिल्याच उत्तरावर समोरच्याचं काम भागतं. मी आपलं खरं ते सांगायचो, "गावाला." ते ऐकून समोरचा माणूस अपमान वगैरे करत नाही. चहा मागवलेला असला तर चहाही पाजतो. फक्त त्यानंतर तो तुमचं ऐकत नसतो.

माझं गाव धाराशिव जिल्ह्यातलं. पोटामागं इकडं आलो, आधी भोसरीत एका वर्कशॉपला, मग चाकणला एका मोठ्या कंपनीत. आता क्वालिटीत आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढणं हा माझा पगारी धंदा. रिटायरमेंट जवळ आली आहे आणि माझ्यापेक्षा माझे गुडघे तिची जास्त वाट बघतायत. आमच्या गल्लीत सगळे असेच बाहेरून आलेले. कुणी लातूरचं, कुणी बुलढाण्याचं, एक कुटुंब चिपळूणकडचं. सगळ्यांनी एकाच माणसाकडून छोटे छोटे प्लॉट घेतले, जमेल तशी घरं उभी केली आणि गटाराचा पाइपही आपला आपणच टाकला.

तो पाइप आमच्या आयुष्याचं दुखणं होऊन बसला. टाकला तेव्हा गल्लीत मोजकी बैठी घरं होती. आता प्रत्येक घरावर मजले चढलेत, मजल्यांवर भाडेकरू आहेत आणि पाइप तोच, बारका. आमचं घर उताराला, गल्लीतलं शेवटचं. वरच्यांनी जे सोडलं ते चेंबर तुंबलं की आमच्या दारात येतं. बायको एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दिवसभर पोळ्या लाटते आणि घरी आली की पदर खोचून खराटा हातात घेते. पाइप बदलून मोठी लाईन घालायला पाहिजे, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. घालणार कोण, एवढाच प्रश्न होता आणि आहे.

ज्याच्याकडून आम्ही प्लॉट घेतले तो इथला जुना गाववाला. त्याच्या भावकीतलं कोणी ना कोणी नगरसेवक असायचंच. त्याच्या आळीतून आलेली मोठी लाईन आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली, तेव्हा आम्ही चार जण त्याच्याकडे गेलो. माणूस दिलदार. बसवलं, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि मग तो प्रश्न विचारला.

"मतदान कुठंय तुमचं?"

"गावाला."

"समद्यांचंच?"

"बहुतेकांचं."

"आवो, मग गटारबी गावालाच मागा की राव! आमी काय न्हाई म्हणतोय व्हय?"

तो मनापासून हसला. आम्हीही हसलो, कारण त्याचं काही चुकलं नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "मग नावं इथं आणा की. कुणी धरलंय?" मी विषय बदलला.

मला कुणी धरलं होतं ते सांगायचं तर गाडीपासून सुरुवात करायला हवी. गावाला मतदान असलं की आमच्यासाठी गाडी यायची. आमच्याकडच्या प्रत्येक गावात निम्मी तरणी माणसं पुण्याकडं पोट भरायला आलेली असतात आणि त्यांची नावं गावच्या यादीत तशीच राहिलेली असतात. गावात त्याला 'पुण्याची मतं' असंच म्हणतात आणि त्यांच्यासाठी उमेदवार गाड्या पाठवतात. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीला दोन पॅनल. एक एका ठेकेदाराचं. दुसरं माझ्या थोरल्या भावाचं.

दादा गावातच राहिला. पिठाची गिरणी चालवतो. सरळ माणूस, पण सरळपणाचा त्याला थोडा गर्व आहे. गाडी पाठवणं त्याला कधीच मान्य नव्हतं. "ज्याला गावाची वढ आसंल त्यो यस्टीनं यील," म्हणायचा. मग आम्ही काय करायचं? कंपनीतून सुट्टी मिळायची एक दिवसाची, एसटीचा भरवसा नाही. ठेकेदाराची ट्रॅव्हल्स दुपारी निगडीहून निघायची, भोसरीत थांबायची, फर्स्ट शिफ्ट सुटलेली माणसं डबे घेऊन तशीच चढायची. मीही चढायचो. संध्याकाळी इंदापूरच्या पुढे ढाब्यावर ठेकेदाराच्या खर्चानं मटणाची ताटं यायची. ठेकेदाराचा माणूस वाढप्यामागं फिरून "अजून घ्या, लाजू नका" म्हणायचा. तो हात धुवायला गेला की एखादा वाकून बोलायचा, "काय ठरलं राव?" आणि सगळं टेबल तोंडातल्या तोंडात म्हणायचं, "गाडी त्यांची, बटण आपलं."

आपलं म्हणजे दादाचं. पुण्याची सगळी नाही, पण बहुतेक मतं दादाला पडायची; आधी तो सरळ माणूस म्हणून, आणि पुढं त्याला आणखी मोठं कारण मिळालं. कोरोनाच्या टाळेबंदीत इकडच्या कंपन्या बंद पडल्या, भाडी थकली, माणसं मिळेल त्या वाहनानं, काही तर पायी, गावाकडं निघाली. आसपासच्या गावांनी वेशीवर काटे टाकले, कुठं रस्ता उकरून ठेवला. पुण्याचा माणूस म्हणजे रोग घेऊनच येणार, अशी सगळ्यांची समजूत झाली होती. दादा तेव्हा उपसरपंच होता. त्यानं वेशीवर टाकलेलं लाकूड स्वतः ओढून काढलं आणि आलेल्या प्रत्येकाला शाळेत ठेवलं. गिरणीतून पीठ दिलं. गावानं खूप आरडाओरडा केला. "ही तुमची माणसं न्हाईत का? यांची मतं चालत्यात, आन् माणसं चालंनात?" असं तो पारावर उभं राहून बोलला होता. त्या शाळेत झोपलेली माणसं ते विसरली नाहीत. म्हणून ठेकेदाराचं मटण खाऊनही त्यांचं बोट दादाच्याच चिन्हावर जायचं.

गंमत अशी की हे दादाला माहीत नव्हतं. मतदानाच्या दिवशी तो शाळेसमोरच्या पारावर बसायचा आणि ट्रॅव्हल्समधून कोण कोण उतरतं ते बघायचा. त्याचा हिशोब साधा होता. ज्याची गाडी त्याचं मत. मी उतरलो की म्हणायचा, "खाऊन आलास त्यांचं?" मी म्हणायचो, "आलो." "मग दे जा त्यांलाच." मी हसत आत जायचो, त्याला मत देऊन बाहेर यायचो. चेष्टा वाटायची मला ती. ढाब्यावरचं बोलणं मी त्याला कधी सांगितलं नाही. मत गुप्त असतं, ते लोकांनी माझ्यासमोर बोललं म्हणून मी गावभर करावं का? शिवाय मला वाटायचं, एवढं त्याला कळत असणारच.

आता मला कुणी धरलं होतं ते. दादा एरवी फोन करत नाही. दिवाळीला मी करतो, तब्येतीचं विचारायला मी करतो, तो "बरं हाय" म्हणून ठेवून देतो. मी मोशीत घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आला नाही, गिरणी बंद ठेवता येत नव्हती म्हणे. नंतरही कधी आला नाही. पण मतदान आलं की चार दिवस आधी त्याचा फोन ठरलेला. "यायलास का?" एवढंच. मी शिफ्टवर असलो तरी मशीनच्या आवाजातून बाजूला जाऊन तो फोन घ्यायचो. मत होतं म्हणून फोन होता, हे मला कळत होतं. तरी फोन होता.

त्या फोनपायी मी नाव हलवलं नाही. बायकोला हे कधी बोललो नाही, तिला ते न बोलता कळलं होतं. तिनं तिचं नाव परस्पर इथं आणलं. नुसतं तेवढंच नाही, गल्लीतल्या बायकांना दुपारी गोळा करून एकेकीचे कागद जमवले. पुरुष सगळे माझ्यासारखेच. "गावाकडचं नाव कशाला काढायचं, राहू दे की." जणू नाव काढलं की गावात पाय ठेवायची बंदीच होणार. बायका मात्र पटापट तयार झाल्या. मी नवल केलं तर बायको म्हणाली, "माझं नाव एकदा माहेरच्या यादीतनं गेलं. कुणी इचारलं बी न्हाई. मग सासरच्या यादीतनं गेलं. तुमास्नीच काय एवढं रडू यायलंय?"



मधे महापालिकेत कितीतरी वर्षं निवडणूकच झाली नाही. नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासकाच्या हाती कारभार गेला. कंपनीत आमच्या लाईनवर एक तरुण इंजिनिअर आहे, हुशार पोरगा, त्याला याचा फार आनंद झाला होता. चहाच्या वेळेला म्हणायचा, "काका, बघा, आता शिकलेला माणूस खुर्चीत बसलाय. कमिशन नाही, भाऊबंदकी नाही. मी तर म्हणतो मतदानालाच परीक्षा पाहिजे. पास होईल त्यानंच मत द्यायचं." त्याचं स्वतःचं मत अमरावतीला होतं, आणि मागच्या मतदानाची भरपगारी सुट्टी त्यानं लोणावळ्यात काढली होती. मी त्याला एवढंच म्हणालो, "तुझा पेपर कोण तपासणार, भावा?"

त्या वर्षांत बायको गटारासाठी कार्यालयात जाऊन आली. तिथला अधिकारी चांगला होता, हे ती स्वतः सांगते. अरेरावी नाही, खुर्ची दिली, तक्रार लिहून घेतली, नंबरही दिला. पुढच्या खेपेला गेली तर तो बदलून गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा चांगला माणूस आला होता. त्यानंही खुर्ची दिली. घरी येऊन ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "कुणावर वरडावं तेच कळंना झालंय." आधीचा नगरसेवक काम करत नव्हता, पण त्याच्या दारात जाऊन बोंब मारता येत होती. तो लपायचा, फोन उचलायचा नाही, खोटं बोलायचा. कमीत कमी खोटं बोलायची गरज तरी त्याला वाटत होती. कंपनीत माल रिजेक्ट करायला लाल पेटी असते, मतपेटी म्हणजे तशीच. इतकी वर्षं पेटी होती आणि आम्ही ती वापरली नाही, कारण आमची पेटी गावाला होती. आता पेटीच काढून नेली होती.

त्याच काळात गावची ग्रामपंचायत लागली आणि ठरल्याप्रमाणे दादाचा फोन आला. मी हातातलं मापाचं गेज खाली ठेवून बाहेर गेलो. 'येतो' म्हणायची तयारी करूनच फोन उचलला.

"ह्या बारीला येऊ नको," दादा म्हणाला.

"का दादा? काय झालं?"

"तुझं नाव न्हाई आता यादीत. काढलंय."

"कुणी काढलं?"

"म्याच."

मला वाटलं, मशीनच्या आवाजात ऐकण्यात काही घोटाळा झाला. पण तो नीट, सावकाश समजावून सांगत होता. ठेकेदार गाडी भरून माणसं आणतो, ती येऊन बटण दाबून जातात आणि राहावं लागतं गावातल्यांना. म्हणून यावेळी दादानं हरकत घेतली होती. जे गावात राहत नाहीत त्यांची नावं कमी करा, असा अर्ज दिला, पंचनामा झाला, नावं गेली. पुण्याची झाडून सगळी.

"तुझं ठेवलं आसतं तर लोकं म्हनली आसती, भावाचं ठिवलं. म्हनून पयलं नाव तुझंच दिलं."

"मला नोटीस तरी यायला पाहिजे होती ना?"

"आली हुती की. घरच्या पत्त्यावर. म्याच घेतली."

यात त्याला काही विचित्र वाटत नव्हतं. उलट आवाजात थोडं समाधान होतं, न्यायानं वागल्याचं. आणि खरं सांगायचं तर तो न्यायानंच वागला होता. मी गावात राहत नाही. पाण्याच्या टाकीचं काम अर्धवट पडलंय ते मला फोनवर कळतं, टाकी नसल्याचा त्रास मला होत नाही. बायको इतकी वर्षं हेच तर सांगत होती. सगळं पटलं, आणि तरी त्या दिवशी मी पहिल्यांदा चुकीचा माल ओके करून पुढं पाठवला. नशीब, पुढच्या पोरानं पकडला.

आता दादा निवडून येणार, असं त्याला वाटत होतं. ठेकेदाराची गाडी जागेवर उभी राहिली, मटणाचे पैसे वाचले. गावात राहणाऱ्यांनी, फक्त त्यांनीच, मतदान केलं. आणि दादा पडला. थोडक्यात नाही, चांगला दणकून पडला. गावातली माणसं शाळेत ठेवलेली पुण्याची माणसं विसरली नव्हती. दोन म्हातारी माणसं त्या साथीत गेली होती, त्यांचा रोग कुठून आला ते कुणालाच माहीत नाही, पण गावानं ते दादाच्या नावावर टाकलं होतं. त्यात दादाच्या कारभारात राहिलेली ती अर्धवट टाकी. दादा इतकी वर्षं ज्यांच्या जिवावर निवडून येत होता, त्यांचीच नावं त्यानं स्वतःच्या सहीनं काढली होती.

निकालाच्या संध्याकाळी मी फोन केला. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तो सारखा म्हणत होता, "कळंना झालंय, कुठं चुकलं कळंना." शेवटी मी म्हणालो, "दादा, ती गाडी तुझी होती."

"कंची गाडी?"

"ठेकेदाराची. त्यातली माणसं तुला मत द्यायची. खायची त्याचं आणि द्यायची तुला. टाळेबंदीत तू शाळेत ठेवलंस म्हणून."

तिकडं त्यानं पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, "तू बी?"

"मी बी काय?"

"तू बी मलाच देत हुतास?"

मला इतका राग आला की फोन भिंतीवर मारावा. सख्खा भाऊ. ट्रॅव्हल्समधून उतरलो म्हणून प्रत्येक वेळी त्यानं मलाही ठेकेदाराच्या बाजूला मोजलं होतं. चेष्टा नव्हती ती. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं, दोनदा. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. येणार तरी कशासाठी?

बायकोनं अर्ज माझ्यापुढं ठेवला. आता तर गावालाही नाव नव्हतं, इथंही नव्हतं. भरायला काय हरकत होती? त्यात लिहून द्यायचं असतं की मी सध्या या पत्त्यावर राहतो. पंचवीस वर्षं मी या पत्त्यावर राहतो. लाईट बिल माझ्या नावावर आहे. पण पेन घेतलं की मला दुसरंच काम आठवायचं. उद्या, परवा, दिवाळीनंतर असं करत तो कागद टीव्हीखाली पडून राहिला.

आणि एके दिवशी अखेर महापालिकेची निवडणूक लागली. इतक्या वर्षांचं तुंबलेलं एकदम सुटल्यासारखे कार्यकर्ते गल्लीत आले. आधी आमच्या गल्लीकडं कुणी फिरकत नसे, आता बायकांची मतं होती. दारात येऊन विचारायचे, "या घरात मतं किती?" बायको सांगायची, "माझं एक." "आणि काका?" "त्यांचं कुठंच न्हाई." मग ते माझ्याकडे बघून हसायचे आणि तिच्याशी बोलायला लागायचे. मी दारातल्या खुर्चीत बसलेला असायचो. तिला भेटायला आलेल्या माणसांना मी पाणी आणून द्यायचो.

ती सगळ्यांना एकच वाक्य म्हणायची, "पाइप." जाहीरनामा पुढं केला की पुन्हा, "पाइप." एकानं भांड्यांचा सेट आणला होता, तो तिनं घेतला. मी म्हणालो, "अगं, घेतलास?" ती म्हणाली, "का? गाडी त्यांची, बटण आपलं. तुमीच तर सांगितलंय."

मतदानाच्या दिवशी मी तिच्याबरोबर शाळेपर्यंत गेलो. गल्लीतल्या सगळ्या बायका इस्त्रीच्या साड्या नेसून निघाल्या होत्या. भाषण देण्यासारखं त्यात काही नव्हतं. ऊन होतं, रांग हलत नव्हती, एकीचं नाव भलत्याच खोलीत गेलं होतं म्हणून ती हेलपाटे घालत होती. आमच्या प्लॉटवाल्याची म्हातारी आई खुर्चीवरून आणली होती, ती आत गेली, तिच्यामागं वर्गात झाडू मारणारी बाई गेली, तिच्यामागं आमची ही. मी चुन्याच्या रेघेबाहेर तिची पिशवी आणि मोबाइल धरून उभा होतो. तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याच्या मालात आयुष्यभर खोट काढली, आणि राज्य बिघडलंय, पुढारी नालायक आहेत, हे सगळ्यात मोठ्यानं बोलणारा मीच होतो. चांगलं सरकार कशाला म्हणावं ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. पण ज्याच्या दारात घाण येते त्याच्या बोटाखाली बटण असावं, एवढं मला त्या रेघेवर उभं असताना पटलं. मग तो शिकलेला असो, नसो, भांडी घेऊन आलेला असो. ती बाहेर आली आणि पिशवी घेत म्हणाली, "चला, चेंबर बघायचंय."

निवडून आला तो प्लॉटवाल्याचा पुतण्या. म्हणजे बदललं म्हणावं तर काहीच नाही. पण तो महिन्याभरात महापालिकेच्या इंजिनिअरला घेऊन आमच्या गल्लीत आला. टेप लावला, भिंतीवर लाल खडूनं खुणा केल्या, बायकोला 'मावशी' म्हणाला आणि गेला. खुणा अजून आहेत. पाइप आलेला नाही. बायको दर सोमवारी कॅन्टीनला जायच्या आधी त्याच्या दारात उभी राहते. तो आतून निरोप पाठवतो की साहेब बाहेर गेलेत. तिला याचं समाधान आहे. "लपायला लागला म्हंजी हाय कुणीतरी," म्हणते.

मागच्या रविवारी सकाळी चेंबर पुन्हा भरलं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठी घालत होतो, ती बादल्या उपसून मागच्या नालीत ओतत होती. ओट्यावर ठेवलेला फोन वाजला. तिनं ओल्या हातानंच बघितलं आणि म्हणाली, "दादांचा हाय."

मतदान कसलंच नव्हतं. मला वाटलं, काही वाईट बातमी. पण दादाचा आवाज ठीक होता.

"काय करायलास?"

"काही नाही. बोल."

"म्या काय म्हनतो, तुझं नाव परत घालू का? हितलं. माझ्या वळखीचा हाय तालुक्याला. पुढच्या बारीला लागंल. आन् तिकडं ज्यांची ज्यांची नावं गेली, त्यांला बी सांग. म्या गाडी करतो त्या बारीला. सोता करतो."

दादा गाडी करणार होता. या फोनसाठी मी किती दिवस वाट बघितली ते माझं मला माहीत. 'हो' म्हटलं असतं तर पुन्हा दर निवडणुकीला फोन आला असता, यायलास का म्हणून. बायको बादली हातात तशीच धरून उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती, भरलेल्या चेंबरकडे बघत होती.

"नको दादा," मी म्हणालो. "नाव इथंच घालतो आता. इथलं गटार तुंबलंय."

मला वाटलं, ठेवला फोन. आता हा शेवटचा, असं मी मनाशी म्हणत होतो.

मग तो म्हणाला, "पाणी घरात शिरलंय का?"

मोशीतल्या घराबद्दल त्यानं मला कधीच काही विचारलं नव्हतं. मी वळून उंबऱ्याकडं बघितलं.

"नाही अजून," मी म्हणालो. "उंबऱ्यापर्यंत आलंय."